बिनक्लचच्या गाडीचं ऑईल

पंडित मिस्तरींना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण त्यांच्या स्वप्नांना ते अजून कुणी कळवलेलं नाही. दुपारी जेवून लिंबाखाली बाज टाकली आणि पाठ टेकली, की गंगाखेड डेपोतल्या लाल गाड्या एकामागं एक त्यांच्या डोळ्यांत शिरतात. सावकाश येतात, आवाज न करता येतात आणि समोर उभ्या राहतात. कुणाचा गिअर अडकतोय, कुणाचा क्लच घसरतोय. मिस्तरी झोपेतच हात पुढं करतात. शेजारी सरजाबाई ज्वारी निवडत बसलेल्या असतात. नवऱ्याचा हवेत फिरणारा हात बघून त्या म्हणतात, “बसली स्वारी ड्युटीवर.”

पालममध्ये त्यांना पंडित म्हणून कमी आणि मिस्तरी म्हणूनच जास्त ओळखतात. छत्तीस वर्षं त्यांनी एस.टी.चे गिअरबॉक्स उघडले आणि बंद केले. लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आतलं ऐकायचं, ही त्यांची रीत. “दुसऱ्याचा दात झिजलाय,” असं म्हणून ते डोळे उघडायचे, आणि बॉक्स उघडल्यावर दुसऱ्याचाच दात झिजलेला निघायचा. आपल्याला यंत्राच्या पोटातलं कळतं याचा त्यांना अभिमान होता, आणि तो असायला काही हरकत नव्हती. माणसांच्या पोटातलं कळत नव्हतं, एवढीच काय ती उणीव. घरोघरी असते तशी.

मनिषा ही त्यांची एकुलती एक लेक. दीड वर्षाची असताना तिला ताप आला, आणि जाताना तो ताप तिच्या डाव्या पायातलं बळ घेऊन गेला. पोलिओ. पोरगी हुशार, जिद्दीची. एकोणीस वर्षांची असताना एका रविवारी ती वडलांचा डबा घेऊन डेपोत आली आणि म्हणाली, “बाबा, मला गाडी शिकवा.” मिस्तरी त्या दिवशी खुशीत होते. डेपोच्या मागं एक जुनी जीप उभी होती, तीत त्यांनी तिला बसवलं. “दाब क्लच.” तिनं दाबला. पाय थरथरला, क्लच अर्ध्यावर गेला आणि परत आला. पुन्हा दाबला, पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा तिनं दोन्ही हातांनी गुडघा धरून खाली लोटला, तेव्हा मिस्तरींना ते बघवेना. त्यांनी तिला खाली उतरवलं आणि मोठ्यानं म्हणाले, “न्हाई जमायचं बाई तुला. गाडी हातानं न्हाई, पायानं चालती.”

ते कळवळून म्हणाले होते, हे खरं. पण कळवळासुद्धा चारचौघांत मोठ्यानं बोलून दाखवला की लागतो. तिथं काम करणारे सहाच्या सहा मेकॅनिक एकदम आपापल्या पान्यांकडं बघायला लागले. मनिषानं रिकामा डबा पिशवीत घातला आणि दुपारच्या गाडीनं ती पालमला परत आली. त्यानंतर वडलांसमोर तिनं गाडीचा विषय म्हणून काढला नाही.

पुढं ती शिक्षिका झाली. शाळा मिळाली ती पालमपासून आत, एका अशा गावात, जिथं शाळेची घंटा दहाला होते आणि एस.टी. साडेदहाला पोचते. कुणाच्या तरी मोटारसायकलीला हात करत, रस्त्याकडेला त्या पायावर उभं राहत तिनं बरीच वर्षं काढली. आणि दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती स्वतः एक पांढरी गाडी चालवत अंगणात आली. जुनीच घेतलेली, पण ॲटोमॅटिक. परभणीला सुट्टीत गुपचूप शिकली होती. मिस्तरी गाडीभोवती दोनदा फिरले, दार उघडून वाकून खाली बघितलं आणि विचारलं, “क्लच कुठंय?”

“न्हाई बाबा. ह्या गाडीला लागतच न्हाई.”

मिस्तरींनी दार हळूच लावलं. पोरीला शाबासकी द्यावी, हे त्यांच्या मनात आलं होतं. पण मनातून तोंडापर्यंत येताना मध्ये एक जुनी जीप आडवी उभी होती. शेवटी ते म्हणाले, “हॉर्न लय बारीक हाय.” दोन वर्षांत ते त्या गाडीत एकदाही बसले नाहीत. गंगाखेडला जायचं असलं की म्हणायचे, एस.टी.त जुनी माणसं भेटतात.

ही गाडी यंदा हिवाळ्यात दचके द्यायला लागली. शाळेतून निघताना थरथरायची, वेग घेताना मध्येच कुणी पाठीत बुक्की मारल्यासारखी हलायची. मनिषा तिला शहरातल्या एका वर्कशॉपात घेऊन गेली. तिथल्या माणसानं सांगितलं, बॉक्सच उतरवावा लागेल, दोन महिने गाडी ठेवून जा. ती संध्याकाळी घरी येऊन आईला हे सांगत होती. मिस्तरी बाजेवर पडले होते, डोळे मिटून. पण कान काही मिटत नाहीत.

“ऑईल कधी बदललं होतं?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“कुणास ठाऊक. मी घेतल्यापासून न्हाई.”

दुसऱ्या दिवशी ते एस.टी.नं गंगाखेडला शिवकांतच्या दुकानात गेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि काउंटरवर स्पेअर पार्टचा ढीग, असा हा चाळिशीचा माणूस. लहानपणापासून मिस्तरींना मामा म्हणतो. त्यानं फोनवर गाडीचं पुस्तक उघडलं, वाचलं आणि सांगितलं, “मामा, तुमचं म्हणणं बरोबर हाय. आदी ऑईल बदलून बघा, निम्म्या गाड्या त्यातच सुधारत्यात. पर ह्याला मापाची काडी नसती. जेवढं निघालं, मोजून तेवढंच घालायचं. आन् पक्कं काम पायजे असंल तर वरून थोडं जास्त घालायचं, गाडी चालू ठिवायची, ऑईल कोमट होऊ द्यायचं. एकानं शीटवर बसून ब्रेक दाबायचा आन् गिअरचा दांडा सगळ्या घरातून फिरवायचा. दुसऱ्यानं खालून माप तपासायचा येगळा नट काढायचा. जास्तीचं ऑईल धारेनं पडतंय. धार तुटून थेंब लागले की नट बंद.”

“शीटवर कोण बसणार?”

“कोण मंजी? मनिषाताई. गाडी त्यांची.”

मिस्तरींनी नव्या ऑईलचे डबे पिशवीत भरले. “मोजूनच घालतो,” ते म्हणाले. शिवकांतला वाटलं मिस्तरींना सोपं काम आवडतं. तसं नव्हतं. जिला चारचौघांत गाडीतून खाली उतरवलं, तिलाच आता ‘बस आणि ब्रेक दाब’ कोणत्या तोंडानं म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

डेपोतल्या माणसाला गाडीखाली पाठीवर झोपून काम करायची सवय नसते. डेपोत पिट असतो. माणसाच्या छातीएवढा खोल, लांबट खड्डा. गाडी त्याच्यावर येऊन उभी राहते आणि मेकॅनिक खाली ताठ उभा राहून काम करतो. मिस्तरींनी अंगणातल्या मुरमात तीन दिवस कुदळ चालवून तसाच पिट खणला, कडांना फरश्या बसवल्या, उतरायला दोन पायऱ्या केल्या. सरजाबाईंनी माती उपसली. येणाजाणाऱ्यांनी चौकशा करून जीव नकोसा केला. शेजारचा लिंबाजी तर कुंपणावर हात टेकून म्हणाला, “मिस्तरी, झाड लावायलात का हत्ती पुरायलात?”

मनिषानं काहीच विचारलं नाही. शनिवारी तिला परभणीला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. सकाळी एस.टी.ला निघताना तिनं गाडी पिटावर आणून लावली आणि किल्ली आईच्या हातात दिली. “बाबांना दे. आन् जपून म्हणावं, सोमवारी शाळा हाय.”

एवढं साधं बोलून ती गेली, पण मिस्तरी किल्ली हातात धरून उभेच राहिले. हात चुकला, बॉक्स निकामी झाला, तर सोमवारी ती पुन्हा रस्त्याकडेला उभी राहणार. तिच्या हातची गाडी आपण एकदा काढून घेतली आहे. दुसऱ्यांदा ते आपल्याच हातून व्हायला नको. एवढीच त्यांची त्या दिवशीची प्रार्थना होती, आणि प्रार्थना करणाऱ्यातले ते नव्हते.

काम मात्र देखणं चाललं. आधी ऑईल भरायचा वरचा नट उघडून बघितला. तो उघडला तरच खालचा काढायचा, ही छत्तीस वर्षांची शिस्त. मग पिटात उतरून खालचा नट सोडला. नवं ऑईल डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. हे निघालं ते करपलेल्या चहासारखं. काळपट धार खाली डब्यात उतरत राहिली, बारीक होत गेली. मिस्तरींनी डबा उचलून वर पिटाच्या काठावर ठेवला, शेवटच्या थेंबांसाठी खाली घमेलं सरकवलं आणि ठरवलं की हे थेंब पडू द्यावेत, मग सगळं एकदम मोजावं. मोजायला सरजाबाईंकडून दुधाचं लिटरचं माप मागून ठेवलं होतं.

पौषातली दुपार होती. पिटात मुरमाचा गारवा होता आणि वर गाडीचं पोट, त्याच्या कडेनं ऊन पातळ होऊन खाली येत होतं. घमेल्यात थेंब पडत होता. मग बऱ्याच वेळानं दुसरा. मिस्तरी पोत्यावर टेकले, पाठ भिंतीला लावली. तिसरा थेंब त्यांनी ऐकला. चौथा ऐकला की नाही ते सांगता येणार नाही.

पिट लांबत गेला. त्याचं एक टोक पालममध्ये होतं आणि दुसरं गोदावरीच्या वाळूत. वरून गाड्या चालल्या होत्या आणि मिस्तरी त्यांच्या पोटांखालून चालत होते. एकाही गाडीला क्लच नव्हता. चाकं जमिनीला टेकत नव्हती. हुरड्यात आलेल्या ज्वारीवरून गाड्या तरंगत सोनपेठच्या बाजाराला निघाल्या होत्या, आणि खिडक्यांतून बायका भाजीच्या पाट्या सांभाळत खाली बघून हसत होत्या. मिस्तरी प्रत्येक गाडीला तळवा लावून बघत होते. प्रत्येक गाडी कोमट होती, निजलेल्या गाईसारखी. कुठंच काही बिघडलेलं नव्हतं, त्यांना दुरुस्त करायला काही उरलंच नव्हतं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. वर कुणीतरी विचारत होतं, “नेऊ का?” दुसरं कुणी म्हणालं, “न्या की.” मिस्तरींनाही झोपेत वाटलं, न्या की. आता सगळंच न्या.

ते जागे झाले तेव्हा ऊन पिटाच्या दुसऱ्या भिंतीवर गेलं होतं. त्यांनी मान वर केली. काठावर डबा नव्हता.

“सरजा! डबा कुठंय?”

“लिंबाजीभाऊनी नेला,” सरजाबाई दारातून म्हणाल्या. “जळकं ऑईलच हुतं न्हवं?”

यात त्यांची चूक म्हणावी तर ती सगळ्या पालमची चूक होती. जळकं ऑईल इथं कुणी फेकत नाही. गोठ्याच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून लावतात, बैलगाडीच्या आसाला लावतात, दाराच्या कुरकुरत्या बिजागरीला लावतात. आणि ज्याच्या घरी मिस्तरी, त्याच्या घरच्या जळक्या ऑईलवर आळीचा हक्कच असतो. सरजाबाईंनी आयुष्यभर ते असंच वाटलं होतं, कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

मिस्तरी चप्पल न घालताच लिंबाजीच्या गोठ्याकडं गेले. लिंबाजी जुन्या झाडूनं छपराखालच्या शेवटच्या लाकडी मेढीला ऑईल फासत होता. “जय भीम, मिस्तरी. लय पातळ निघालं हो ह्या बारीला. तीन मेढीतच संपलं.”

“किती हुतं?”

“काय किती?”

“ऑईल! डब्यात किती हुतं?”

लिंबाजीनं मेढींकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. “आता ते मेढीलाच इचारा की.”

डबा पाच लिटरचा. अर्ध्याच्या वर होता, एवढंच मिस्तरींना आठवत होतं. असल्या बॉक्सला तेवढ्या अंदाजावर ऑईल घातलं तर कमी पडून आत जळेल नाहीतर जास्त होऊन फेसाळेल. ज्यानं आयुष्यात कुणाच्या अंदाजावर विश्वास ठेवला नाही, त्याच्याजवळ आता फक्त अंदाज उरला होता. ते परत आले आणि पिटाच्या काठावर पाय सोडून बसले. सरजाबाई घाबऱ्या होऊन जवळ आल्या. “माती खाल्ली का हो मी?”

“न्हाई गं. झोप माझी हुती.”

मग ते तसेच बसून राहिले. एक रस्ता बंद झाला होता आणि दुसरा रस्ता चारच्या गाडीनं परभणीहून येत होता.

मनिषा आली, तिनं हातपाय धुतले, चहा घेतला, आणि मिस्तरींनी तिला सगळं सांगितलं. झोपेसकट सांगितलं. लिंबाजीच्या मेढी ऐकून ती इतकी हसली की चहा सांडला. मिस्तरींना त्या हसण्यानं जरा धीर आला. मग त्यांनी तिला काय करावं लागणार ते सांगितलं, आणि तिचं हसू थांबलं.

“चालू गाडीखाली तुमी? आन् गिअर मी टाकू?”

“ब्रेक दाबून.”

“आन् माझा पाय सरकला मंजी?”

रोज वीस किलोमीटर खड्ड्यांच्या रस्त्यानं गाडी नेणारी, आणणारी ही बाई. तिचा उजवा पाय कुणाही ड्रायव्हरच्या पायाइतकाच धड होता. हे वाक्य तिचं नव्हतंच. सतरा वर्षांपूर्वी जीपमधून उतरवताना मिस्तरींनी ते तिच्यात ठेवून दिलं होतं, आणि आता ते त्यांनाच परत मिळत होतं. ते त्यांना तिथंच, चहाचा कप हातात असताना कळलं.

“न्हाई सरकत,” ते म्हणाले.

त्यांनी चाकांपुढं-मागं दगड लावले, खालचा नट नवीन वायसर घालून आवळला. नरसाळ्यानं नवं लाल ऑईल घातलं, मुद्दाम जरा जास्तच. मनिषा शीटवर बसली. इंजिन चालू झालं. मिस्तरी दोन पायऱ्या उतरून त्या गाडीखाली गेले, आणि गाडी त्यांच्या डोक्यावर गुरगुरत उभी राहिली.

आता ऑईल कोमट होईपर्यंत थांबायचं होतं. त्यांनी बॉक्सच्या तळाला हात लावला. गार होता. पुन्हा लावला. हळूहळू धातूत ऊब येत गेली. त्यांना एकदम आठवलं, मनिषाचा पाय चोळायला सरजा रोज तिळाचं तेल गरम करायची आणि आधी त्यांच्या तळव्यावर ओतून विचारायची, “बघा, सोसंल का पोरीला?” तेव्हा त्यांना अचूक कळायचं. जास्त तापलं असलं तर ते फुंकर घालायचे. तीच ऊब आता बॉक्समधून तळव्यात उतरली, आणि त्यांना वाटलं की एवढी वर्षं मध्ये गेलीच नाहीत, तेल तेच आहे, हात तोच आहे.

“टाक आता,” त्यांनी खालून हाक दिली. “सावकाश. पयला मागचा.”

वर काही झालं नाही. इंजिन चालू होतं, बस्स.

“बाबा, तुमी वर या आदी.”

“मी हितंच हाय. तू टाक.”

दांडा सरकल्याचा आवाज आला. गाडी अंगभर शहारली, बोटभर मागं झुकली आणि थांबली. तिच्या पायानं थांबवली. मग मधला. मग पुढचा, गाडी बोटभर पुढं झुकली, पुन्हा थांबली. मिस्तरींच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर सगळी फिरणारी यंत्रं होती आणि त्यांच्या मनात भीतीचा कणसुद्धा नव्हता. इतकं निवांत त्यांना डेपोत कधी वाटलं नव्हतं. त्यांनी तपासायचा नट काढला. लाल धार आली, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात चमकली, बारीक झाली, सुतासारखी झाली, तुटली. एक थेंब. मग एक थेंब. त्यांनी नट बसवला आणि आवळला.

“झालं का? पाय काढू का?” मनिषानं विचारलं.

“थांब जरा.”

तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता आणि त्यांचा तिला. बहुतेक म्हणूनच जमलं. “मने,” ते गाडीच्या पोटाकडं बघत म्हणाले, “तवा डेपोत माझं चुकलं. जमायचं न्हाई म्हणलो तुला. चुकलो मी.”

 इंजिन चालूच.

मग तिचा आवाज आला, “काय म्हणलात? गाडीच्या आवाजात ऐकू न्हाई आलं.”

मिस्तरींनी पान्यावरची मूठ आवळली. सरजाबाई दारात उभ्या होत्या. लिंबाजी रिकामा डबा परत द्यायला आला होता, त्याच्यामागं गंमत बघायला आळीतली आणखी तीन-चार माणसं कुंपणाला टेकली होती. पिटातून मिस्तरींना त्यांचे नुसते पाय दिसत होते. त्यांनी श्वास घेतला आणि डेपोत द्यायचे तशी हाक दिली, “चुकलो मी, मने! तुला जमतंय! माझ्यापरीस चांगली चालवतीस तू गाडी!”

इंजिन बंद झालं. 

“पयल्यांदाच ऐकू आलं होतं, बाबा,” मनिषा म्हणाली.  “पण तवा तुमी सहा जणांपुढं म्हणला होतात.”